एसटीतला मफलर, रविवारचा गळा

प्रश्न थोडक्यात असा आहे: यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून तालुक्याच्या कॉलेजात रोज एसटीनं ये-जा, जायला ५० मिनिटं आणि यायला ५०. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी सुरू झाली की रविवार वावरात जातो. तीन कामं अर्धवट पडली आहेत. बाबांचा मफलर वीतभर झाला आहे, श्रावणात जन्मलेल्या भाचीच्या स्वेटरची नुसती पाठ झाली आहे, आणि क्रोशाचा गोल टेबलक्लॉथ सहा महिन्यांपासून तसाच आहे. आता गणपती आलेत, थंडी पडायच्या आत काय आणि कसं पूर्ण करायचं?

ताई, तिन्ही कामं समोर मांडा आणि प्रत्येकाबद्दल स्वतःला एकच गोष्ट विचारा: हे काम आत्ता, या टाक्यावर खाली ठेवावं लागलं तर काय बिघडेल? मफलरचं काही बिघडत नाही. स्वेटरच्या बाहीचं ओळ संपली असेल तर काही बिघडत नाही. स्वेटरचा गळा मात्र अर्ध्यात सोडला तर परत हातात घेताना पाव तास नुसता हिशोब लावण्यात जातो. टेबलक्लॉथच्या एका फेरीत दोन-अडीचशे खांब (क्रोशाचे उभे टाके) असतील तर प्रत्येक वेळी मोजणी पहिल्यापासून. विद्यार्थ्याच्या दिवसात वेळ असतो, पण तो तुकड्यांत असतो आणि कधी तुटेल ते आपल्या हातात नसतं. म्हणून काम निवडताना ते किती मोठं आहे यापेक्षा ते कुठे कुठे थांबू शकतं हे बघायचं. बाकी सगळं यातूनच निघतं.

आता हिशोब, कारण अंदाजावर चाललं की दिवाळी कधी आली ते कळत नाही. मोबाईलवर पाच मिनिटांचा गजर लावा, नेहमीच्या वेगानं विणा आणि झालेले टाके मोजा. नवशिक्या पण सराव असलेल्या हाताला मिनिटाला २० टाके होतात असं धरू. तुमचा आकडा वेगळा असेल तर पुढचे आकडे त्याप्रमाणे बदलून घ्या.

मफलर ६ इंच रुंद, ६० इंच लांब. लेबलवर ४ मिमी सुई लिहिलेली मध्यम जाडीची लोकर, ८ नंबरची सुई, ३४ टाके, सगळ्या ओळी सुलट. अशा विणीत १० सेंटिमीटरला ४० च्या आसपास ओळी बसतात, म्हणजे पूर्ण लांबीला ६०० ओळी आणि २० हजारांवर टाके. मिनिटाला २० च्या वेगानं १७ तास. बाळाचा स्वेटर याच लोकरीत पाठ, दोन पुढचे भाग, दोन बाह्या आणि गळपट्टी मिळून साधारण १३ हजार टाके, म्हणजे ११ तास. शिवण, धाग्याची टोकं लपवणं आणि बटणं यांना आणखी ३ तास.

बहुतेकजणी इथंच चकतात. मफलर सोपा म्हणून लवकर होईल असं वाटतं, पण तो सोपा आणि लांब आहे. स्वेटर अवघड वाटतो, पण टाक्यांनी तो मफलरपेक्षा लहान आहे. दोन्ही एकाच पद्धतीनं विणायला घेतले की मफलरचा कंटाळा येतो आणि स्वेटरची भीती वाटते.

तुमच्या आठवड्यात किती वेळ आहे? बसमध्ये बसायला जागा मिळाली आणि रस्ता धड असला तर रोजच्या दोन फेऱ्यांपैकी एकीत २५ मिनिटं. पाच दिवसांचे दोन तास. संध्याकाळी जेवणाआधी १५ मिनिटं, पाच दिवसांचा सव्वा तास. रविवारी दुपारी तासभर. बेरीज सव्वाचार तास. यातले तीनच खरे धरा, कारण कधी बस भरलेली असते, कधी लाइन जाते, कधी घरी पाहुणे, आणि वेचणी सुरू झाली की रविवारही जातो. गणपतीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत निदान १२ आठवडे. दिवाळी आणि हिवाळी परीक्षेचे चार वजा केले की आठ उरतात, म्हणजे २४ तास. मफलरचे उरलेले साडेचौदा आणि स्वेटरचे साडेदहा मिळून २५. तासभर जास्त होतो, तो परीक्षेच्या दिवसांतल्या मफलरच्या ओळींत निघेल, म्हणजे दोन्ही जेमतेम बसतात. टेबलक्लॉथ बसत नाही, त्याचं काय करायचं ते शेवटी सांगते.

दोन्हींत स्वेटर पुढे. बाबांच्या गळ्याचं माप पुढच्या वर्षीही तेच राहणार आहे, लेकराचं राहणार नाही. आणि माप आजचं घेऊ नका. श्रावणातलं बाळ थंडी खऱ्या अर्थानं पडेल तेव्हा चार महिन्यांचं असेल आणि संपताना सहा महिन्यांचं. सहा महिन्यांच्या बाळाची छाती साधारण १७ इंच असते. स्वेटर २० इंचांचा विणा. सैल स्वेटर बाही दुमडून घालता येतो, घट्ट झालेल्याला काही उपाय नाही. एखादा आठवडा हुकला तरी सैल मापामुळे तो वापरात येतो.

स्वेटरचे आकडे देते, म्हणजे पाठ याला जुळते का ते बघता येईल. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि २८ ओळी, एक ओळ सुलट आणि एक उलट या विणीत. पाठ ५६ टाक्यांची: १० नंबरच्या सुईवर एक सुलट-एक उलट अशी १२ ओळींची पट्टी, मग ८ नंबरवर सरळ, एकूण उंची साडेदहा इंच. काखेत टाके घटवायचे नाहीत. बाही सरळ काठाला जोडायची. बाळाच्या स्वेटरला हे चांगलं दिसतं आणि विद्यार्थ्याला परवडतं, कारण लक्षात ठेवायच्या जागा कमी होतात. पुढचा प्रत्येक भाग ३१ टाक्यांचा, त्यातले मधल्या काठाचे ६ टाके सुलट-उलट दोन्ही ओळींत कायम सुलट, तीच बटणपट्टी. वरचे दोन इंच राहिले की गळ्याच्या बाजूनं १० टाके बंद करा, मग एक ओळ सोडून एक असा चार वेळा एकेक टाका घटवा. खांद्याला १७ उरतात. पाठीचे ५६ म्हणजे १७, २२, १७. मधले २२ मागचा गळा. एका पट्टीवर दर दोन इंचांवर लोकर पुढे घेऊन दोन टाके एकत्र विणले की बटणाचं घर तयार होतं. घरं पुढच्या दुसऱ्या भागातच करा, पहिला भाग झाल्यावर त्यावर बटणांच्या जागा पिनांनी मांडून.

बाही १० नंबरवर ३४ टाक्यांनी सुरू, १२ ओळींची पट्टी, नंतर ८ नंबरवर दर चौथ्या ओळीला दोन्ही टोकांना एकेक टाका वाढवायचा, सहा वेळा. ४६ झाले की साडेसहा इंच लांबीपर्यंत सरळ. लोकर १५० ग्रॅमच्या आसपास लागते, २०० घेऊन ठेवा.

यातलं कोणतं काम कुठे करायचं हे आता सरळ आहे. बाह्या आणि पुढच्या भागांचा सरळ हिस्सा संध्याकाळच्या १५ मिनिटांत. गळ्याचे १४ ओळींचे दोन तुकडे, बटणाची घरं आणि शिवण फक्त वेचणी सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी, दिवसाउजेडी, दार लावून. मफलर एसटीत. स्वेटर एसटीत न्यायचा नाही, आणि याला पांढऱ्या लोकरीवर धूळ बसते एवढंच कारण नाही. हलत्या गाडीत हात धागा घट्ट धरतो. घरी सैल आणि बसमध्ये घट्ट असे टाके एकाच बाहीत आले की मधे कंबर पडल्यासारखी दिसते आणि दोन बाह्या सारख्या होत नाहीत. मफलरमध्ये हा फरक दिसत नाही, कारण सगळाच मफलर एसटीत होतो. आधीची वीत घरी विणली असेल तर पहिले नऊ इंच थोडे वेगळे वाटतील. धुतल्यावर बरेच सारखे होतात.

एसटीत लांब सरळ सुया नेऊ नका. १४ इंची सुई शेजारच्या माणसाच्या कोपराला लागते आणि खड्ड्यात गाडी आदळली की डोळ्यालाही लागू शकते. दोन टोकं वायरनं जोडलेली गोल सुई घ्या. तिच्यावरही सरळ विणता येतं, ओळ संपली की फिरवून घ्यायची. कामाचं वजन मांडीवर राहतं, आणि एक सुई सीटखाली घरंगळत जाण्याचा प्रश्न मिटतो. गोळा कापडी पिशवीत, नाडी सैल ओढलेली, धागा गोळ्याच्या आतल्या टोकाकडून काढलेला. बाहेरच्या टोकानं विणलं तर गोळा उड्या मारत राहतो. उभं राहावं लागलं तर काम काढूच नका. चिवडा, फुटाणे खाऊन झाल्यावर हात पुसल्याशिवाय लोकरीला हात लावू नका. हळदीचा डाग फिक्या लोकरीतून पूर्ण जात नाही.

थांबण्याची शिस्त हा या सगळ्याचा कणा आहे, म्हणून यावर थोडं जास्त लिहिते.

शक्य तिथे ओळ संपवून थांबा. गाव जवळ आलं, कंडक्टरनं घंटी मारली, तर नवी ओळ सुरू करू नका; ३४ टाक्यांना पावणेदोन मिनिटं लागतात, फाटा दिसायला लागला की हात थांबवायचा. तरीही ओळीच्या मधे थांबावं लागलंच तर परत घेताना दिशा चुकते, आणि ही चूक सगळ्यात जास्त होते. उलट दिशेनं विणलं गेलं की तिथं एक भोक पडतं आणि एका बाजूला दोन ओळी जास्त होतात. ओळखायची खूण सोपी आहे: ज्या सुईवरच्या शेवटच्या टाक्यातून गोळ्याकडे जाणारा धागा निघतो, ती सुई उजव्या हातात. ओळ पूर्ण झालेली असेल तर टाके असलेली सुई डाव्या हातात. पुढची ओळ सुलट की उलट हे आठवत नसेल तर समोर दिसणारं कापड वाचा. समोर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या वेण्या दिसत असतील तर ही ओळ सुलट विणायची. आडव्या गाठी दिसत असतील तर उलट. हे वाचन एकदा जमलं की निम्म्या चिठ्ठ्यांची गरज संपते.

सुईच्या टोकांना खोडरबरचे तुकडे टोचून ठेवा. पिशवीत वह्या-डबा एकत्र कोंबला की टाके सुटतात, ते यानं सुटत नाहीत.

नोंद मोबाईलवर ठेवू नका. ओळी मोजायची अ‍ॅप्स आहेत आणि ती चांगलीही आहेत, पण मोबाईल हातात घेतला की तो खाली ठेवला जात नाही, पंधरा मिनिटं तिथेच जातात. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या, त्यावर सुईचा नंबर, टाके आणि पुढचं पाऊल लिहा. ओळींसाठी चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. महत्त्वाचं म्हणजे काय झालं ते न लिहिता आता काय करायचं ते लिहा. 'डावी बाही २४ ओळी झाल्या' यापेक्षा 'पुढची ओळ सुलट, दोन्ही टोकांना वाढव, चौथी वाढ' हे तीन आठवड्यांनी परीक्षेहून परतल्यावर कामाला येतं. मफलरला तर नोंद लागतच नाही. सगळ्या सुलट विणीत दोन ओळींचा एक उंचवटा तयार होतो. उंचवटे मोजले की झालं, ६०० ओळी म्हणजे ३०० उंचवटे. दर ५० उंचवट्यांवर काठाला रंगीत दोरा बांधा, म्हणजे प्रगती डोळ्यांना दिसते. लांब कामात एवढा आधार पुष्कळ असतो.

दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, मफलर एक ओळ सुलट एक उलट अशा विणीत घेणं. त्याच्या कडा आत गुंडाळतात आणि मफलरची नळी होते. ही तुमच्या हाताची चूक नाही, त्या विणीचा स्वभावच तो आहे. इस्त्रीनं जाणार नाही, आणि अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली तर धागा वितळून कापड मेल्यासारखं पडतं. म्हणून मफलरला सगळ्या ओळी सुलट, किंवा दोन सुलट-दोन उलट. दुसरी चूक, सुटलेला टाका बघून अख्खं काम उसवणं. टाका सुटला की आधी हलवाहलव थांबवा, त्यात सेफ्टी पिन अडकवा. मग क्रोशाची सुई घ्या, सुलट बाजू समोर ठेवा, सुटलेल्या फासात सुई पुढून घाला, वरची आडवी शिडी पकडून फासातून ओढा, आणि असं वरपर्यंत; मफलरच्या सगळ्या सुलट विणीत मात्र एकदा पुढून, एकदा मागून. दहा ओळी खाली गेलेला टाकाही दोन मिनिटांत वर येतो. बसमध्ये करू नका. पिन लावून घरी आणा.

काम महिनाभर सुईवरच राहिलं तर त्या ओळीचे टाके ताणून मोठे होतात आणि कापडावर आडवी रेघ दिसते. परत सुरू करताना ती एक ओळ उसवून नव्यानं विणा. परीक्षेच्या सुटीनंतर हे आठवणीनं करावं लागतं.

क्रोशाकडे येऊ. तुकड्या-तुकड्यांच्या वेळेला क्रोशा विणकामापेक्षा जास्त सोयीचा, कारण सुईवर एकच फास जिवंत असतो. त्यात सेफ्टी पिन अडकवली की काम कुठंही, कसंही ठेवा. पण नमुना गोल आणि मोठा असला की ही सोय संपते. म्हणून विद्यार्थीदशेत क्रोशा चौकोनांचा करावा. एक चौकोन, एक बैठक, काम पूर्ण.

साधा चौकोन असा: ४ साखळ्यांचा गोल. पहिली फेरी ३ साखळ्या (हा पहिला खांब), २ खांब, २ साखळ्या, मग ३ खांब-२ साखळ्या असं तीन वेळा, फेरी बंद. दोन साखळ्यांची जागा म्हणजे कोपरा. पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्यात ३ खांब-२ साखळ्या-३ खांब, आणि कडेच्या प्रत्येक फटीत ३ खांब. पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६, चौथीत ४८, एकूण १२०. मध्यम लोकर आणि ४ मिमी सुईनं चार फेऱ्यांचा चौकोन ४ इंचांच्या आसपास होतो आणि सरावानं १५ मिनिटं लागतात. ७ गुणिले ८ म्हणजे ५६ चौकोनांचं दुपटं २८ बाय ३२ इंचांचं, १४ तासांचं, अधिक जोडणी. लोकर किती लागेल हे ओळखायला दहा चौकोन करून किराणा दुकानातल्या काट्यावर एकत्र वजन करा आणि गुणाकार करा. एका चौकोनाचं वजन साध्या काट्यावर नीट कळत नाही. एक सूचना मनापासून: प्रत्येक चौकोन झाल्या झाल्या त्याची दोन्ही टोकं लपवून टाका. ५६ चौकोनांची ११२ टोकं शेवटी एकदम करायला ठेवली की दुपटं तिथेच थांबतं.

चौकोन वाटीसारखा वर उचलला जात असेल तर कोपऱ्यातल्या साखळ्या घट्ट आहेत किंवा एखादी सुटली आहे. कडा लाटांसारख्या होत असतील तर कुठल्यातरी फटीत ३ च्या जागी ४ खांब पडले आहेत. आणि सरळ पट्टीच्या कामात दोन्ही बाजू हळूहळू आत येत असतील तर सुरुवातीच्या ३ साखळ्या खांब म्हणून धरल्या, पण परत येताना त्यांच्या डोक्यावरचा शेवटचा खांब घालायचा राहिला. प्रत्येक ओळीत एक खांब गळतो आणि चाळीस ओळींनी पट्टीचा त्रिकोण होतो. तिसऱ्या साखळीत पिन लावून ठेवा, शेवटचा खांब त्याच जागी. पायाची साखळी घट्ट येत असेल तर फक्त साखळीपुरती अर्धा मिमी मोठी सुई वापरा.

अभ्यासाबरोबर विणायचं का, असंही बरेच जण विचारतात. रेकॉर्ड केलेलं व्याख्यान नुसतं ऐकायचं असेल, इतिहास किंवा पर्यावरणासारखा विषय असेल, तर मफलर चालेल. गणित, रसायनातल्या क्रिया, आकृत्या असतील तर हातात पेनच हवं. सुया असतील तर आपण ऐकतो पण लिहीत नाही, आणि परीक्षेत लिहावंच लागतं. वर्गात सरांनी किंवा मॅडमनी हो म्हटल्याशिवाय विणकाम काढू नये. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी चालू ओळ संपवा, पुठ्ठ्यावर पुढचं पाऊल लिहा आणि स्वेटर डब्यात ठेवा. मफलर बाहेर राहू दे, दीड-दोन तास अभ्यासानंतर चार-सहा ओळी विणल्या तर डोळ्यांना आणि डोक्याला बरं वाटतं. पण ओळी ठरवून विणा, मिनिटं ठरवून नाही. 'अजून एकच' हा शब्द विणकामात फार लवकर येतो. तीन तासांच्या लेखी पेपरच्या आदल्या दिवशी अजिबात नको. लिहिणारा अंगठा आणि विणणारा अंगठा एकच असतो.

हाताकडे एरवीही लक्ष ठेवा. वीस मिनिटांनी सुया खाली ठेवून मुठी उघडा-मिटा, मनगट सैल सोडा. कापूस वेचून आल्यावर बोटांना बोंडाचे काटे लागलेले असतात, लोकर त्यात अडकते आणि जखम ओली राहते. त्या संध्याकाळी विणकाम राहू द्या. रात्री बोटांना मुंग्या येत असतील, सकाळी अंगठा आखडत असेल तर आठ दिवस पूर्ण बंद. तरी थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा, तेल चोळत बसू नका.

रात्रीच्या कामासाठी लोकरीचा रंग महत्त्वाचा. काळी, गर्द निळी लोकर बल्बच्या उजेडात दिसत नाही, टाके चुकतात आणि डोळे दुखतात. गर्द लोकर विणताना मांडीवर पांढरा रुमाल पसरा, फिकी विणताना गर्द रंगाचा. एवढ्यानं टाके सुटे सुटे दिसतात.

खरेदीचं थोडक्यात. तालुक्याच्या दुकानात एका रंगाचे चार-पाच गोळेच असतात आणि थंडी सुरू झाली की ते संपतात. लेबलवर शेड नंबर आणि लॉट नंबर दोन्ही छापलेले असतात. शेड तोच आणि लॉट वेगळा असला तरी रंगात फरक येतो, तो दुकानात दिसत नाही, विणल्यावर दिसतो. म्हणून पूर्ण लोकर एकदम, एक गोळा जास्त, आणि लेबल पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवलेलं. वेगळ्या लॉटची घ्यावीच लागली तर ती गळपट्टीला आणि बाहीच्या पट्टीला वापरा, किंवा दोन ओळी जुनी दोन ओळी नवी असं फिरवा. सुयांच्या नंबरात गोंधळ होतो: आपल्याकडच्या जुन्या मोजणीत नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे सव्वातीन मिमी. मैत्रिणीकडून सुई मागून आणताना मिमी विचारा. बाळाच्या कपड्याला केसाळ लोकर, मणी, सैल शिवलेली बटणं नकोत. लेकरू सगळं तोंडात घालतं.

ठेवायला झाकणाचा स्टीलचा डबा हवा. अ‍ॅक्रिलिकला कसर लागत नाही, पण उंदीर घरट्यासाठी कोणतीही लोकर कुरतडतात, आणि धान्याच्या घरात उंदीर असतातच. पावसाळ्यात क्रोशाच्या लोखंडी सुयांना गंज चढतो आणि तो धाग्यावर उतरतो. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब लावून स्वच्छ पुसून ठेवा.

आता टेबलक्लॉथ. तो सुती दोऱ्याचा आहे, आणि सुती काम आपल्या हवेत उन्हाळ्याचं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा लोकर मांडीवर घेववत नाही, घामानं टाके सुईला चिकटतात आणि घट्ट होत जातात. दहा नंबरचा सुती दोरा आणि दीड मिमीच्या आसपासची सुई तेव्हाही हातात चालते. उन्हाळी परीक्षा संपल्यावर दुपारी घराबाहेर पडता येत नाही, ते लांब आणि न तुटणारे दोन-तीन तास हेच या कामाचे तास आहेत. आज एवढंच करा: चालू फेरी संपते तिथपर्यंत विणा, शेवटचा फास सैल ओढून त्यात सेफ्टी पिन अडकवा, सुई काढून घ्या. दर वीस खांबांवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा बांधा, म्हणजे मे महिन्यात अडीचशे मोजावे लागणार नाहीत. नमुन्याचा कागद आणि 'पुढची फेरी कितवी' ही चिठ्ठी आत घाला, जुन्या सुती पंच्यात गुंडाळा आणि डब्याच्या तळाशी ठेवा. वर स्वेटरची पाठ, आणि उद्या सकाळच्या बसच्या पिशवीत गोल सुईवर चढवलेला मफलर.